पडून पाहणारे साडभाऊ

माझ्या आयुष्यात मला जेवढे म्हणून धक्के बसले, त्यातले निम्मे माझ्या थोरल्या साडभाऊंनी स्वतः दिले आणि उरलेले निम्मे त्यांच्यामुळे बसले. लोक म्हणतात, माणसाला सवय होते. साफ खोटं! त्यांची बायको ही माझ्या बायकोची मोठी बहीण. नागपुरात एकाच ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, सिमेंट रोडच्या अल्याड-पल्याड आमची घरं. सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्यांचंच, आणि ते कोणत्या अवतारात घडेल हे खुद्द त्यांच्या बायकोलाही आदल्या दिवशी सांगता येत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात मी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आलो, तर हे आपल्या फाटकाशी उभे. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि दोन्ही गुडघ्यांवर काळे कुळकुळीत कवच बांधलेले. माझ्या हातातली पिशवी निसटलीच. वर तेच मला विचारतात, "काहून गा, असे काय पाहून राहिले? गुडघा कधी पाह्यला नाही का?"

साडभाऊ वजनमापे खात्यातून रिटायर झाले. म्हणजे कागदावर झाले. चाळीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले, वजनांवर शिक्के मारले, आणि आता खातं सुटलं तरी तपासणं काही सुटलं नाही. भाजीबाजारात जाताना यांच्या पिशवीत एक किलोचं स्वतःचं लोखंडी वजन असतं. हे येताना दिसले की भाजीवाली बाई आधीच घाबरून दोन वांगी जास्त टाकते. तर हे ती दोन्ही वांगी परत काढून ठेवतात आणि शांतपणे म्हणतात, "जास्त नोको बाई. बरोबर पायजे." तिला आजवर कळलेलं नाही की या माणसाला खूश करायचं तरी कसं. मलाही कळलेलं नाही. तपासून झालं की त्या वस्तूवर काळ्या मार्करनं 'तपासले' असं लिहून खाली सही करायची, हा दुसरा छंद. त्यांच्या घरातल्या गॅसच्या नळीवर सही आहे, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर आहे, शिडीवर आहे. माझं घर बांधून झालं तेव्हा वास्तूच्या दिवशी पाहुणे जमलेले असताना हे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन-दोन उड्या मारून आले. ब्राह्मण मंत्र म्हणायचे थांबले. जिन्याच्या खालच्या बाजूला ती सही अजून आहे. मी दोनदा रंग दिला, दोनदा ती वर आली.

पण मला सांगायचंय ते गेल्या वर्षीचं. साडभाऊंची एकुलती एक मुलगी प्रणाली. तिला सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत सर्वेक्षणाच्या कामाची नोकरी लागली. पोरगी हुशार, घरात पेढे वाटले, सगळं झालं. आणि मग कळलं की सकाळी सात वाजता हजर व्हायचं आहे आणि त्या वेळेला धड बस नाही. प्रणालीनं सरळ जाहीर केलं की ती मोटरसायकलनं जाणार. जुनी का होईना, दणकट गाडी तिनं मैत्रिणीच्या भावाकडून पाहूनही ठेवली होती. सावनेर रोड म्हणजे कोळशाचे ट्रक, धूळ आणि घाई. ताई, म्हणजे माझी मेहुणी, तीन दिवस जेवल्या नाहीत. मीही माझ्या परीनं पोरीला समजावलं, थोडा ओरडलोसुद्धा.  चौथ्या दिवशी साडभाऊंनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "पोरगी जाईल. मी तिले लहानपणी शब्द देला होता, नोकरीच्या आड येणार नाही म्हणून. पण ती पडली, तर उठून घरी आली पायजे. तेवढं मी पाहतो." मी शाळेत भूगोल शिकवतो, मे महिन्याची सुट्टी होती, त्यामुळे ते 'पाहणं' शेवटपर्यंत मलाच पाहावं लागलं.

सुरुवात भल्या मार्गानं झाली. आम्ही एका चकचकीत शोरूममध्ये गेलो. थंडगार एसी, भिंतीवर माणसांच्या कातड्या सोलून टांगाव्यात तशी जॅकेटं. जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, हातमोजे आणि हेल्मेट मिळून त्या पोरसवदा सेल्समननं जो आकडा सांगितला, तो ऐकून मी खिशातलं पाकीट चाचपलं. साडभाऊंनी त्याला पुन्हा सांगायला लावला. मग बाहेर येऊन भर उन्हात उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्यात तर मी लग्न केलं होतं गा." पेन्शनीत ते बसणं शक्य नव्हतं, आणि प्रणालीचा पहिला पगार व्हायच्या आधी तिला पहिला महिना त्या रोडवर काढायचा होता. तिथेच त्यांनी ठरवलं, की सगळा सरंजाम निम्म्याहून कमी पैशांत जमवायचा. स्वस्तातलं घ्यायचं, पण स्वतः पडून पाहिल्याशिवाय पोरीच्या अंगावर चढवायचं नाही. मला वाटलं, 'पडून पाहणे' हा बोलण्यातला प्रकार असेल. मी त्यांना अठरा वर्षं ओळखत होतो, तरी मला असं वाटलं! गाढव मी.

एक हेल्मेट तेवढं त्यांनी नवं, पूर्ण भावाचं घेतलं. "हेल्मेट आणि दात घासायचा ब्रश, कोणाचा वापरलेला घ्यायचा नाही," हा त्यांचा नियम. हेल्मेट एकदा आपटलं की आतून खचतं, बाहेरून कळत नाही, म्हणून ते त्यांनी तपासलंही नाही, फक्त त्यावरच्या सरकारी खुणेवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "हे कोण्यातरी आपल्यासारख्यानं पाहून पास केलं असंल. त्याच्या सहीवर भरोसा ठेवा लागते." एरवी कोणावरही भरोसा न ठेवणारा हा माणूस त्या खुणेकडे इतक्या आदरानं पाहत होता की मीही वाकून ती खूण पाहिली. पण परतताना रस्त्याच्या कडेला दोरीवर हेल्मेटं टांगून बसलेला एक जण दिसला, आणि गाडी थांबली. त्यातलं एक यांनी विकत घेतलं, पैसे चुकते केले, आणि त्याच्याच समोर जमिनीवर ठेवून त्यावर शेजारची वीट सोडली. हेल्मेटची दोन छकलं. तो माणूस उठून उभाच राहिला. मी तर अर्धा रस्ता ओलांडून गेलो होतो, ओळख दाखवायला नको म्हणून. साडभाऊंनी दोन्ही छकलं त्याच्या हातात दिली आणि अत्यंत गोडीनं म्हणाले, "हे ठेवा. गिऱ्हाइकाले दाखवाले कामी येईल."

जॅकेटसाठी आम्ही रविवारी बर्डीवर गेलो. तिथं रविवारी फुटपाथवर जुन्या-नव्या मालाचा बाजार भरतो, आणि ऊन असं की डांबर पायाला चिकटतं. इतर माणसं घासाघीस करताना भावापासून सुरुवात करतात. साडभाऊ भाव विचारतच नाहीत. एका ढिगातून त्यांनी काळं, जाडजूड, कोपरात पॅड घातलेलं जॅकेट ओढून काढलं, शिवण उलटी करून पाहिली, दातानं धागा ओढून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं, "भाऊ, हे घालून कोणी पडलं होतं का?" तो बिचारा दचकला. म्हणाला, "नहीं काका, नवा माल है, कोणी पडलं नाही." "मग तुमाले कसं मालूम का हे चांगलं आहे?" दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मी आकाशाकडे पाहायला लागलो. "तुमीच घाला बरं एकदा," साडभाऊ म्हणाले, "आन् या फुटपाथावर थोडेसे पडून दाखवा." बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री उन्हात तो माणूस चामड्याचं जॅकेट घालून पडणार होता होय! शेवटी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "काका, जो देना है दो, पर जाओ." जॅकेट त्यांनी सांगितलेल्या भावात मिळालं. मी मात्र त्या रस्त्यानं पुढचे दोन रविवार गेलो नाही.

गुडघ्याच्या गार्डची गोष्ट तर घराण्याची अब्रू गेल्याची गोष्ट आहे. त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. धोंड्यात जावयाला बोलावून तेहेतीस अनारसे, चांदीचं किंवा तांब्याचं काहीतरी वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी थोरल्या जावयाला फोन करून प्रेमानं विचारलं, की यंदा काय द्यावं? दुसऱ्या एखाद्यानं लाजून 'काही नको' म्हटलं असतं. यांनी कंपनी, साइज आणि दुकान सांगितलं. आणि सासूबाईंचा कडक नियम असा, की दोन जावयांत भेदभाव करायचा नाही. मला कोणी काही विचारलंच नाही! सासुरवाडीला आम्ही दोघे पाटावर शेजारी-शेजारी बसलो, रांगोळी काढलेली, समई लावलेली. सासूबाई ताट घेऊन आल्या. माझ्यासमोर आलं ते ताट मी आजन्म विसरणार नाही. निरांजन, कुंकू, तेहेतीस अनारसे, आणि मधोमध गुडघ्याचे दोन काळे गार्ड. मी स्कूटरसुद्धा सायकलच्या वेगानं चालवतो हो! माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी त्या गार्डांना हळदीकुंकू वाहिलं, आणि ते वाहताना त्याही थोड्या गोंधळल्या, की गार्डाचं कपाळ कोणतं. घरी आल्यावर साडभाऊंनी माझी जोडी माझ्याच हातातून काढून घेतली. "तुमची मी पडाले वापरतो," म्हणाले, "पोरीची नवी राहू द्या." म्हणजे हे सगळं आधीच ठरलेलं होतं.

आणि मग एका दुपारी ते खरोखर पडले. साडभाऊ अंगानं काटकुळे, प्रणालीही त्यांच्याच बांध्याची आणि उंचीची, त्यामुळे तिचं जॅकेट त्यांना बरोबर बसायचं. ते घालून, माझे गार्ड बांधून, स्वतःचं जुनं हेल्मेट चढवून दुपारी दोन वाजता ते माझ्या दारात आले. मला म्हणाले, तुमची स्कूटर काढा, मी मागं बसतो, तुम्ही हळूहळू चालवा, मधे मी पडतो. मी नाही म्हटलं. मी हात जोडले. मी त्यांना सांगितलं की तुम्ही बासष्ट वर्षांचे आहात, डोकं फिरलं आहे का? ते म्हणाले, "माह्यासाठी नाही म्हणत गा. ती रोज जाणार आहे."  मी स्कूटर काढली. रिकाम्या सिमेंट रोडवर मी माणूस चालतो त्यापेक्षा जरासा जोरात गेलो, आणि मागचं ओझं एकदम हलकं झालं. आवाज आला तो मी सांगत नाही. मागे वळून पाहिलं तर साडभाऊ रस्त्यावर पालथे, हातपाय पसरून, निश्चल.  तेवढ्यात चार घरांतून माणसं धावली. "काकाले लू लागली, लू लागली!" म्हणून एकीनं कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला, दुसऱ्यानं बादलीभर पाणी ओतलं. साडभाऊ पाण्यातून डोकं वर काढून ओरडले, "कांदा हटवा! मले कोपर पाहू द्या!" कोपर शाबूत होतं. गुडघे शाबूत होते. जॅकेट खरचटलं, पण फाटलं नाही. त्या पाण्यात बसूनच त्यांनी मार्कर मागवला, अस्तरावर 'तपासले' लिहिलं आणि सही केली. असे ते एकूण चार वेळा पडले. तिसऱ्या वेळेपासून ले-आउटमधली माणसं खुर्च्या टाकून बसू लागली.

हातमोजे मात्र शेवटपर्यंत मिळेनात. नोकरीवर जायला दोन दिवस उरले तेव्हा लकडगंजातल्या एका ठोक दुकानात, उरल्यासुरल्या मालाच्या पेटीत, प्रणालीच्या मापाची एकच जोडी सापडली. जाड, तळहातावर चामड्याची पट्टी, भाव अगदी मातीमोल. साडभाऊ हरखले. घरी आणली आणि तिथं अडलं. बाकी सगळं त्यांना बसायचं, पण त्यांचे पंजे रुंद, चाळीस वर्षं वजनं उचललेले. हात काही केल्या मोज्यात जाईना. पावडर लावून पाहिली, तेल लावून पाहिलं. ताईंना म्हणाले, तुमचा हात लहान आहे, तुम्ही घालून थोड्याशा पडा. ताई म्हणाल्या, "मी नाही पडत बापा! घरात एक येडं पुरे आहे." माझ्या बायकोकडं त्यांनी नुसतं पाहिलं, ती आत निघून गेली. शेवटी त्यांनी भिंग लावून शिवण पाहिली, ओढून पाहिली, बराच वेळ हातात घेऊन बसले. मग मार्कर काढला आणि आतल्या बाजूला लिहिलं, तपासले. मी समोरच होतो. मला काही वाटलं नाही. उलट एक पडणं वाचलं म्हणून मी मनात देवाचे आभारच मानले.

प्रणाली जायला लागली. एक महिना गेला, दुसरा लागला. एका दुपारी मी आणि साडभाऊ त्यांच्या ओट्यावर बसलेलो असताना माझा फोन वाजला. प्रणालीच होती. "मोसाजी, बाबाले सांगू नका. मी पडली. सावनेर रोडवर, चहाच्या टपरीवर बसली आहे. बरी आहे. पण तुम्ही या." मावशीचा नवरा म्हणून ती मला मोसाजीच म्हणते. माझ्या चेहऱ्यावरून साडभाऊंना सगळं कळलं. शेजाऱ्याची कार मागून आम्ही निघालो.  मी समोरच्या प्रत्येक ट्रकला हॉर्न मारत होतो आणि हे गुडघ्यांवर हात ठेवून सरळ समोर पाहत बसलेले. मला त्यांचा रागच आला, खरं सांगतो. वाटलं, रडा, ओरडा, काहीतरी करा!

ट्रकमधून सांडलेल्या कोळशाच्या चुरीवरून गाडी घसरली होती आणि पोरगी पंधरा-वीस फूट फरफटत गेली होती. टपरीवाल्यानं तिच्या उजव्या हाताला आपला दुपट्टा गुंडाळला होता, तो लाल झाला होता. बाकी ती धड होती. साडभाऊंनी तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. एखाद्या दुकानावर धाड घालावी तसे ते तिच्याभोवती फिरले. "कोपर पास," म्हणाले. "गुडघा पास. हेल्मेट पास, पण आता फेकून द्यायचं." मग तिनं बाकड्यावर काढून ठेवलेला हातमोजा त्यांनी उचलला. तळहातावरची पट्टी उसवून लोंबत होती, आत नुसतं पातळ कापड. त्यांनी तो उलटा केला. आपलंच अक्षर पाहिलं. आणि हा माणूस, ज्याला मी अठरा वर्षांत एकदाही गडबडलेला पाहिला नव्हता, तो मटकन त्या धुळीत खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"बाबा, तळहातच आहे ना," प्रणाली घाबरून म्हणाली. "दोन-चार टाके पडतील. डोकं वाचलं, पाय वाचले, तुम्हीच वाचवले."

"सही केली वं मी," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एक सही अशी केली नाही. आन् तुह्याच वेळेस केली. न पाहता केली बेटा."

ती खाली बसली आणि डाव्या हातानं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. मी टपरीच्या मागे जाऊन उभा राहिलो. मला कोणाला काही दाखवायचं नव्हतं.

तळहाताला पाच टाके पडले. दुसऱ्याच दिवशी साडभाऊ मला घेऊन त्या चकचकीत शोरूममध्ये गेले. त्यांनी प्रणालीच्या मापाचे सगळ्यात चांगले हातमोजे आणि नवं हेल्मेट मागितलं. शिवण पाहिली नाही, कोणी पडलं होतं का म्हणून विचारलं नाही. त्या पोरसवदा सेल्समननं बहुधा त्यांचा चेहरा पाहिला असावा, तो आपणहून म्हणाला, "काका, दहा टक्के कमी करून देतो." साडभाऊ म्हणाले, "नोको. पूर्ण घ्या." मी पुन्हा एकदा हादरलो, आणि त्या हादरण्यात या वेळी जराही मजा नव्हती. त्यानंतर ते बर्डीच्या बाजाराला गेलेले नाहीत. मीच दोनदा म्हणून पाहिलं, चला, रविवार आहे, जरा चक्कर मारू. ते म्हणाले, तुम्ही या जाऊन.

टाके निघाल्यावर प्रणाली पुन्हा जाऊ लागली. सहाला पाच कमी असताना गाडी सुरू होते. आवाज नाक्यावरून वळेपर्यंत साडभाऊ फाटकाशी उभे असतात, मग ओट्यावर येऊन मोबाइल मांडीवर ठेवून बसतात. ताई चहा आणून ठेवतात, त्यावर साय धरते. साताला थोडं कमी असताना तो वाजतो. तिकडून ती एकच शब्द म्हणते, पोचली. हे तोही शब्द बोलत नाहीत, नुसती मान हलवतात, जसं काही तिला दिसणारच आहे. मी रस्त्याच्या अल्याड माझ्या खिडकीत असतो. माझी बायको रोज ओरडते, की चहा निवला, घेत का नाही? मी तिला म्हणतो, घेतो, घाई काय आहे. पलीकडची ती मान हललेली दिसल्याशिवाय माझ्याही घशाखाली घोट उतरत नाही, हे तिला काही मी अजून सांगितलेलं नाही.